माळवदाची माती आणि वारशाचा डोळा

जुना वाडा 'जपून नवा करणे' या विषयावर मराठीत अलीकडे बरेच लिहिले जाते. हे लेखन मी गेली काही वर्षे आवडीने जमवत आलो आहे. त्याचा एक क्रम ठरून गेला आहे. आधी दिंडीदरवाजा आणि त्याचे खिळे, मग ओसरीचे सागवानी खांब, मग देवळ्या, कोनाडे, झरोके आणि शेवटी जमले तर तख्तपोशी. छत येते ते 'गळती' या एकाच शब्दापुरते. 'जुने मातीचे छत काढून पक्के छत घातले' या अर्थाचे एक वाक्य असते आणि लेख पुढे सरकतो.

माझा आक्षेप त्या एका वाक्याला आहे. मराठवाडा, सोलापूर आणि खानदेश या पट्ट्यातल्या जुन्या घराचा कामाचा भाग त्याच्या डोक्यावर असतो. सोलापूर-मराठवाड्याकडे त्याला माळवद म्हणतात, खानदेशात धाबे. हे छत म्हणजे त्या घराचे उष्णतारोधन, आजच्या भाषेत इन्सुलेशन. घर जपण्याच्या नावाखाली आपण सर्वांत आधी टाकून देतो ती हीच गोष्ट. नंतर त्याच घरात 'उन्हाळ्यात थांबवत नाही' म्हणून कुलर येतो, मग वातानुकूलन यंत्र, त्यासाठी फॉल्स सीलिंग. आणि ज्या तुळया वाचवल्या म्हणून फोटो काढलेले असतात, त्या प्लास्टरच्या पांढऱ्या पाट्यांआड जातात.

मी वास्तुविशारद नाही आणि विद्यापीठाचा पदवीधर अभियंताही नाही. पुस्तके, भारतीय मानके आणि पडक्या घरांच्या भिंती एवढ्यावर माझे शिक्षण झाले आहे. म्हणून खाली जी आकडेमोड देतो ती वाचकाने स्वतः कागदावर करून पाहावी, अशीच मांडली आहे.

छताचा हिशोब

माळवदाची रचना थोडक्यात अशी. खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ बसवलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या. ऐपत नसेल तिथे फळ्यांऐवजी काटक्या किंवा तुराट्या. त्यावर पाला, आणि त्यावर माती दाबून, चोपून केलेला जाड थर. वरच्या बाजूला पाणी वाहून जाईल असा हलका उतार आणि कडेला पन्हाळी.

उष्णता छतातून किती सहज आत येते हे मोजण्याचे परिमाण म्हणजे यू-मूल्य. एक चौरस मीटर छताच्या वर आणि खाली एक अंशाचा फरक असेल तर किती वॅट उष्णता आरपार जाईल, तो हा आकडा. जितका लहान तितका चांगला. तो काढण्यासाठी प्रत्येक थराची जाडी त्याच्या उष्णतावाहकतेने भागायची, त्यात छताच्या वरच्या आणि खालच्या हवेच्या पातळ थरांचा रोध मिळवायचा (उष्णता वरून खाली येताना तो सुमारे ०.२१ धरतात) आणि बेरजेने एकाला भागायचे.

आता तीन छते घेऊ. पहिले पत्र्याचे. पत्रा स्वतः जवळपास काहीच अडवत नाही. उरतात ते हवेचे थर. एक भागिले ०.२१, म्हणजे यू-मूल्य सुमारे पावणेपाच. दुसरे सहा इंची काँक्रीटच्या स्लॅबचे. काँक्रीटची वाहकता १.५८ धरली तर त्याचा रोध ०.०९५ येतो, आणि यू-मूल्य सुमारे सव्वातीन. तिसरे माळवद. एक फूट कोरडी माती, तिची वाहकता ०.६, आणि खाली एक इंच सागवानी फळी. मातीचा रोध ०.५, फळीचा सुमारे ०.१८, हवेचा ०.२१. बेरीज ०.८९ आणि यू-मूल्य १.१२. मातीची वाहकता ती किती दाबली आणि किती ओली आहे यावर बदलते. ०.५ धरली तर उत्तर साधारण १ येते, ०.७५ धरली तर पावणेतेराशतांश नव्हे, १.२७ येते. काहीही धरा, माळवद स्लॅबच्या जवळपास तिप्पट उष्णता अडवते.

या आकड्याशेजारी एक सरकारी आकडा ठेवण्यासारखा आहे. केंद्राने २०१८ मध्ये नव्या निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छताच्या यू-मूल्याची कमाल मर्यादा १.२ आहे. म्हणजे ज्याला आपण मागास म्हणून उतरवले ते छत एकविसाव्या शतकातल्या ऊर्जासंहितेच्या उंबरठ्यावर उभे आहे आणि त्याच्या जागी घातलेला उघडा स्लॅब त्या परीक्षेत सपशेल नापास होतो.

यू-मूल्य मात्र अर्धीच गोष्ट सांगते. ते धरून चालते की बाहेर सतत सारखेच ऊन आहे. दख्खनच्या पठारावर तसे नसते. दुपारी छत तापते, रात्री उघड्या आकाशाखाली निवते. अशा चढउतारात जड थर दोन कामे करतो. उष्णतेची लाट आत पोचायला उशीर लावतो आणि पोचेपर्यंत तिची उंची कमी करतो. फूरियेच्या उष्णतावहनाच्या सूत्राने ढोबळ हिशोब केला तर सहा इंची स्लॅबमधून लाट सुमारे चार तासांत खाली उतरते आणि तिची उंची एक तृतीयांशाहून थोडी अधिक उरते. एक फूट मातीतून तिला दहा ते अकरा तास लागतात आणि उरतो तो साधारण सोळावा हिस्सा.

याचा अर्थ घरात राहणाऱ्याच्या भाषेत असा. दुपारी दोनला तापलेला स्लॅब संध्याकाळी सहाला, माणसे कामावरून घरी येतात नेमक्या त्या वेळी, आत भट्टीसारखा होऊ लागतो. माळवदाची उरलीसुरली ऊब खाली पोचते मध्यरात्री. आणि मध्यरात्री उन्हाळ्यात माणसे कुठे असत? अंगणात, नाहीतर माळवदावरच अंथरुणे टाकून. छताची जाडी आणि झोपण्याची जागा यांचा मेळ पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून बसला होता. फक्त घर पाहून तो समजत नाही. घराचे वेळापत्रकही पाहावे लागते.

इंग्लंडची अडचण आणि आपली

जुन्या घराच्या उष्णतारोधनावर जगात सर्वांत जास्त वाद इंग्लंड-स्कॉटलंडात झाला आहे आणि आपल्याकडचे वारसाजतनाचे बरेचसे शब्द तिथूनच आले आहेत. म्हणून तो वाद समजून घ्यावा लागतो. विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. ती 'स्पॅब' या आद्याक्षरांनी आजही ओळखली जाते. मॉरिसचा राग 'जीर्णोद्धारा'वर होता. रोजची निगा राखा, नव्याने जुने घडवू नका, असे त्याचे सांगणे होते.

तिथली अडचण आपल्या उलट आहे. भरीव विटांची किंवा दगडांची जुनी घरे थंड. गॅस-वीज जाळून ती उबदार ठेवायची आणि ती ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. भिंतीला आतून रोधनाचे जाड तक्ते लावले तर छताजवळची गिलाव्याची नक्षी झाकली जाते, खिडक्यांच्या चौकटी खोल जातात. त्याहून वाईट म्हणजे भिंतीचा बाहेरचा भाग थंड पडतो, आतल्या हवेतली वाफ तक्त्यामागे जाऊन पाणी होते आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोके कुजतात. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर वाफ न जाऊ देणारा थर चढवला की ती कोंडते.

या वादातली दोन संशोधने मला महत्त्वाची वाटतात. स्पॅबसाठी कॅरोलाइन राय यांनी आणि स्कॉटलंडच्या वारसासंस्थेसाठी पॉल बेकर यांनी जुन्या भिंतींवर प्रत्यक्ष उपकरणे लावून यू-मूल्ये मोजली. पुष्कळ भिंती कागदी हिशोबापेक्षा चांगल्या निघाल्या. सूत्रात गृहीत धरलेले आकडे जुन्या बांधकामाला अन्याय करत होते. बेकर यांनीच जुन्या सरकत्या खिडक्यांवर केलेल्या चाचण्यांत, रात्री लाकडी झडपा नुसत्या लावून घेतल्या तरी काचेतून जाणारी उष्णता जवळपास निम्म्यावर येते असे दिसले. ज्या झडपा शोभेच्या म्हणून जपल्या जात होत्या, त्या मुळात कामाच्या होत्या.

हा धडा आपण घ्यायला हवा होता. घेतला तो दुसराच. 'पिरियड फीचर्स' जपा, हा तिथला मंत्र आपण उचलला आणि इथे वैशिष्ट्य म्हणजे काय हे ठरवताना डोळ्यांना जे दिसते तेवढेच मोजले. इंग्लंडात रोधन ही बाहेरून येणारी, नक्षीला धोका देणारी वस्तू आहे. तिथल्या जाणकाराने तिच्याकडे संशयाने पाहणे स्वाभाविक आहे. दख्खनमध्ये रोधन हेच घराचे मूळ अंग आहे. इथे वैशिष्ट्य आणि रोधन यांत भांडण नाही; कित्येकदा ती एकच वस्तू आहे.

आपली नियमावलीही याच डोळ्याने पाहते. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीपासून श्रेणींची जी पद्धत रुळली, तिच्यात पहिली श्रेणी सोडली तर भर रस्त्यावरून दिसणाऱ्या रूपावर आहे. खालच्या श्रेणीत आतले बदल सहज चालतात. शहरी रस्त्यावरच्या इमारतींच्या रांगेसाठी हे ठीक असेल. परंतु माळवदाच्या घराची बाहेरची भिंत बहुधा कोरीच असते. त्याचे सगळे वैभव चौकाकडे आणि सगळी अक्कल छतावर. दर्शनी भाग जपायचा तर या घरात एक दरवाजा सोडून जपायला फारसे काही उरत नाही.

किल्लारीचा प्रश्न

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळे स्मरणरंजन झाले; ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचे काय? हा प्रश्न टाळून माळवदावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या त्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच गेली. जाड दगडी भिंती आणि त्यांवरची माती अंगावर कोसळून गेली. भूकंपाचा धक्का वस्तुमानाच्या प्रमाणात बसतो. एक फूट मातीचे वजन चौरस मीटरला सुमारे ४८० किलो भरते. दरवर्षी गळती थांबवण्यासाठी नवी माती टाकत गेले आणि जुनी काढली नाही तर थर दोन फुटांवर जातो. मग तेच वजन साडेनऊशे किलोंच्या पुढे.

पण त्या विध्वंसाचे तांत्रिक वाचन काळजीपूर्वक करायला हवे. तिथल्या दगडी भिंती दोन पदरांच्या होत्या. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मध्ये दगडांची कपची आणि माती. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे दगड नव्हते किंवा फार थोडे होते. हादऱ्यात पदर सुटे झाले आणि भिंती फुगून ढासळल्या. लाकडी सांगाड्याला तिरके आधार नव्हते. म्हणजे दोषी तीन गोष्टी: न बांधलेली भिंत, तिरक्या आधाराविना उभा सांगाडा आणि बेसुमार वाढलेला मातीचा थर. योगायोग असा की त्याच १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, कमी ताकदीच्या बांधकामाच्या भूकंपरोधनाविषयीच्या भारतीय मानकात आरपार दगड आणि भिंतींना बांधणारे आडवे पट्टे हेच उपाय सांगितलेले आहेत.

पुनर्वसनात पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी काँक्रीटच्या घरांत गेली. भीती खरी होती आणि माणसांनी माळवदाखाली पुन्हा झोपायला नकार दिला यात काही गैर नाही. माझी टीका त्या माणसांवर नाही. ती त्यानंतरच्या तीस वर्षांतल्या आपल्या विचारशून्यतेवर आहे. 'माती वाईट, सिमेंट चांगले' एवढाच निष्कर्ष काढून आपण थांबलो. काँक्रीटचा सहा इंची स्लॅबही चौरस मीटरला ३७५ किलो भरतो, हे कोणी सांगितले नाही. मातीच्या भिंतीवर नुसता स्लॅब टाकून जुने घर 'पक्के' करणारी दुरुस्ती आजही सर्रास होते. तिच्यात उष्णतारोधनही जाते आणि भूकंपाचा धोकाही राहतो.

मग करावे काय

ज्या घरांचे लाकूड अजून शाबूत आहे, त्यांच्यापुरते बोलायचे तर मार्ग बंद नाहीत. पहिले काम भिंत आणि सांगाड्याचे: आरपार दगड बसवणे, खांब-तुळईच्या जोडाला तिरके आधार देणे. हे झाल्याशिवाय छताची चर्चा करू नये. दुसरे काम वजन उतरवण्याचे. साचलेली माती काढून थर सहा इंचांवर आणला तर वजन २४० किलो होते, मूळ एक फुटाच्या निम्मे आणि स्लॅबपेक्षा बरेच कमी. यू-मूल्य मात्र दीडच्या वर जाते. तिथे आधुनिक रोधनाचा उपयोग करावा. काथ्याचा एक इंची तक्ता, वाहकता ०.०४५ धरून, ०.५५ एवढा रोध देतो. हिशोब पुन्हा करा: यू-मूल्य ०.८५च्या आत येते. निम्म्या वजनात मूळच्यापेक्षा चांगले रोधन, आणि खालून पाहणाऱ्याला कडीपाट जसाच्या तसा.

थर्माकोलसारखा फेस का नको, तर त्यातून वाफ सहज जात नाही. वरून झिरपलेले पाणी लाकूड आणि फेस यांच्यामध्ये अडकले की फळी आतून कुजते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. हा इंग्लंडच्या अनुभवातला खरा उपयोगी भाग. काथ्यालाही वाळवीची नजर लागते, तेव्हा भिंतीकडून येणारी तिची वाट बंद करायला हवी. वरचा थर चुन्याचा करावा आणि उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा. पांढरे छत ऊन परतवते हे तेलंगणाने २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरण म्हणून जाहीर केले. चुन्याची फक्की आपल्याकडे आधीपासून आहे.

फॉल्स सीलिंगविषयी एक वाक्य पुरे: तापलेल्या स्लॅबखाली टांगलेली पाटी उष्णता थोडी अडवते, पण तुळया कायमच्या झाकते आणि गळती लपवते. जुन्या लाकडासाठी गळती दिसणे हे औषध आहे.

निगा कोण राखणार

सर्वांत अवघड भाग तंत्राचा नाही. माळवद दर पावसाळ्याआधी माणसाचा हात मागते. माती आणायची, उतार नीट करायचा, उंदरांची बिळे बुजवायची, पन्हाळी साफ करायच्या. वाड्यांवरच्या लेखनात वाड्याच्या मालकाचे नाव असते, कधी सुताराचे कौतुक असते. माती खणणाऱ्या-वाहणाऱ्यांचा आणि शेणमातीने सारवणाऱ्या बायकांचा उल्लेख मला फार क्वचित सापडला. आणि हे श्रम कित्येकदा बिनमोल किंवा बलुत्याच्या मोबदल्यात होत असत. ती व्यवस्था गेली, जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर छतही गेले, कारण त्या श्रमाची रास्त किंमत मोजायची सवय आपण लावून घेतली नाही. नक्षीदार दरवाजा एकदा पॉलिश केला की दहा वर्षे निभतो. माती दरवर्षी मजुरी मागते. आपण काय जपले आणि काय टाकले याचे उत्तर या फरकात बरेचसे सापडते.

१९९४च्या नारा दस्तऐवजाने वारशाच्या अस्सलतेची व्याख्या रुंद केली. दगड-लाकडाबरोबर वापर, कार्य आणि परंपरागत कौशल्य यांनाही त्यात जागा मिळाली. पूर्वेकडच्या, वरचेवर उतरवून पुन्हा उभारल्या जाणाऱ्या लाकडी वास्तूंचा विचार त्यामागे होता. माळवद याच जातीचे आहे. त्याची माती शंभर वर्षांपूर्वीची नसते, कधीच नव्हती. जुने असते ते ती दरवर्षी टाकण्याचे ज्ञान. 'छत मूळचे नाही, मग जपायचे काय?' असे म्हणणाऱ्या तज्ज्ञाला एवढे उत्तर पुरावे.

माळवदात विंचू पडत, धूर कोंडे, पावसात रात्रभर भांडी ठेवावी लागत. त्यात राहिलेल्या कोणालाही ते स्वर्ग वाटले नसणार. म्हणून सगळ्यांनी माळवदाकडे परत जावे असे मी म्हणत नाही. मागणी छोटी आहे. जी घरे 'वारसा' म्हणून जपली जात आहेत, ज्यांवर पैसा खर्च होतो आणि लेख लिहिले जातात, त्यांच्या नोंदीत छताची जाडी, थर आणि वजन खांबांच्या नक्षीइतक्याच काळजीने लिहिले जावे. दुरुस्तीचा आराखडा करताना जुन्या आणि नव्या छताचे यू-मूल्य शेजारी शेजारी मांडावे. मे महिन्यात त्या घरात माणूस दुपारी बसू शकतो का, हा प्रश्न जतनाच्या तपासणीत असावा. कारण जे घर उन्हाळ्यात राहण्याजोगे उरत नाही ते बंद होते, बंद घराचे माळवद कोणी पाहत नाही, आणि दोन-चार पावसाळ्यांत त्या कोरीव खांबांवरच ते खाली येते.